गुलाबी बोंडअळीवरचं खरं संशोधन गुगलवर का सापडत नाही, आणि ते कुठे असतं

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतो. सभासदांसाठी गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनावर माहितीपत्रक काढायचं आहे. गुगलवर शोधलं की औषध कंपन्यांच्या जाहिराती, यूट्यूबचे व्हिडिओ आणि त्याच त्या बातम्या येतात. खरं संशोधन 'डीप वेब'मध्ये असतं असं ऐकलं आहे. तिथे कसं पोहोचायचं? आणि मिळालेलं विश्वासार्ह आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : कृषी ग्रंथालयात संदर्भसेवेचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि कापसाच्या किडींबद्दल विचारायला येणारे लोक कायमच असतात. त्यामुळे तुम्ही कुठे अडला आहात ते लगेच लक्षात आलं. सविस्तर लिहितो.

'डीप वेब' या शब्दाचं दडपण आधी काढून टाका. टॉर ब्राउझर लागतो, चोरीचा माल विकला जातो ते डार्क वेब. त्याच्याशी आपलं काही काम नाही. शोधयंत्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं गोळा करतं. जिथे रकान्यात काहीतरी भरून बटण दाबल्याशिवाय पानच तयार होत नाही, जिथे लॉगिन लागतं, किंवा जिथे स्कॅन केलेल्या पीडीएफमधली अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत, तिथे ते थांबतं. तिथून पुढचं सगळं डीप वेब. तुम्ही जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकता आणि मग सातबारा दिसतो, तोही डीप वेबमधलाच. 'डीप वेब उघड्या वेबच्या ४०० ते ५५० पट मोठं आहे' हे वाक्य तुम्हाला जागोजागी दिसेल. तो मायकेल बर्गमन यांचा २००१ मधला अंदाज आहे. तेव्हाच्या इंटरनेटचा आकडा आजच्या लेखात वापरणाऱ्यावर मी बाकीच्या बाबतीतही जपूनच विश्वास ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. शोधायला बसताना 'कोणती साइट?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. साइट बदलतात, बंद पडतात, नावं बदलतात. त्याऐवजी विचारा : हे काम कोणी केलं असेल, आणि केल्यावर ते कुठे जमा करणं त्याला बंधनकारक होतं? संशोधन करणारा माणूस स्वतःच्या हौसेने इंटरनेटवर काही टाकेलच असं नाही. पण पदवी हवी असेल तर प्रबंध द्यावाच लागतो, अनुदान मिळालं असेल तर अहवाल द्यावाच लागतो, कीटकनाशक विकायचं असेल तर नोंदणी करावीच लागते, संसदेत प्रश्न आला तर मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. अशा सक्तीने जमा झालेल्या कागदांत जाहिरात नसते आणि फसलेल्या प्रयोगांचीही नोंद असते. तुमच्या कामासाठी ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे.

बोंडअळीच्या बाबतीत पहिलं नाव विद्यार्थ्यांचं. अकोला, परभणी, राहुरी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे एमएस्सी आणि पीएचडीचे प्रबंध होतात. यवतमाळच्या दृष्टीने अकोला आणि परभणी सर्वांत महत्त्वाची. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या भांडारात जातात. काही पूर्ण वाचता येतात, काहींचा फक्त गोषवारा मिळतो. तिथल्या शोधरकान्यात लांबलचक वाक्य लिहू नका. विषयाचे एकदोन शब्द टाका आणि मग विद्यापीठ, वर्ष, पदवी यांनी गाळत जा. जुने प्रबंध स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे आतल्या मजकुरातला शब्द टाकून ते हाती लागतीलच असं नाही. शीर्षकाच्या शब्दांनी आणि विभागाच्या नावाने चाळावं लागतं. परभणीचं विद्यापीठ २०१३ पर्यंत 'मराठवाडा कृषी विद्यापीठ' होतं, नंतर 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ' झालं. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर १९७२ पासूनचं बरंचसं काम नजरेतून सुटेल.

दुसरीकडे, कापसाच्या किडींवर फक्त कृषी विद्यापीठांतच काम होतं असं समजू नका. अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या पारंपरिक विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांतही कीटकांवर प्रबंध होतात. ते कृषिकोशात नसतात, 'शोधगंगा'त असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या आणि पुढे २०१६ च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत तिथे देणं सक्तीचं केलं; गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते भांडार चालवतं. नियमाच्या आधीचे प्रबंधही अनेक विद्यापीठांनी मागाहून स्कॅन करून टाकले आहेत. शेतीच्या लोकांना शोधगंगा आठवत नाही आणि प्राणिशास्त्रवाल्यांना कृषिकोश ठाऊक नसतो. दोन्हीकडे पाहिलं तरच चित्र पुरं होतं.

प्रबंध वाचताना शेवटचा 'सारांश व निष्कर्ष' वाचून थांबू नका. मधले तक्ते बघा. प्रयोग किती ठिकाणी झाला, किती हंगाम चालला, पुनरावृत्त्या किती होत्या, 'सीडी'ची (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) किंमत काय आली. दोन उपचारांमधला फरक सीडीपेक्षा कमी असेल, तर 'अमुक औषध सरस ठरलं' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा एका हंगामातला, एका प्रक्षेत्रावरचा प्रयोग हा प्रामाणिक पुरावा असतो, पण तो तेवढाच असतो. तीन हंगामांचं एकत्रित विश्लेषण मिळालं तर त्याचं वजन कितीतरी जास्त.

तसं एकत्रित विश्लेषण मिळण्याची जागा म्हणजे अखिल भारतीय समन्वित कापूस संशोधन प्रकल्पाचे वार्षिक अहवाल. हा प्रकल्प १९६७ पासून चालू आहे, त्याचं समन्वयाचं काम कोईमतूरहून होतं, आणि देशभरातल्या केंद्रांवर एकाच आराखड्याने घेतलेल्या चाचण्यांचे तक्ते त्यात असतात. अकोला, नांदेड, राहुरीचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले मिळतात. हे अहवाल शेकडो पानांचे, रूक्ष, आणि गुगलच्या पहिल्या पानावर येण्याची शक्यता जवळजवळ नसलेले. पण माझ्या मते तुमच्या पत्रकासाठी याहून चांगला पाया नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे, म्हणजे सीआयसीआरचे, वार्षिक अहवाल आणि साप्ताहिक सल्ले याच्याच जोडीने पाहा. सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं वा हिरवी बोंडं प्रादुर्भावग्रस्त, ही जी आर्थिक नुकसानीची पातळी तुम्ही शिकलात, तिचा उगम शोधायचा तर अशाच कागदांत शोधावा लागेल.

शब्दांबद्दल थोडं, कारण चांगल्या भांडारात चुकीचा शब्द टाकला की रिकाम्या हाताने परत यावं लागतं. या भांडारांत मराठी शब्द फारसे कामाला येत नाहीत, इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाइप करावे लागतील. 'पिंक बोलवर्म' हा शब्द जोडून आणि 'बोल वर्म' असा तोडूनही टाका. जुन्या भारतीय नियतकालिकांत तोडलेलाच जास्त दिसतो. डोमकळीसाठी (अळीमुळे नीट न उमलता मिटून राहिलेलं फूल) 'रोझेट फ्लॉवर', कामगंधासाठी 'फेरोमोन' आणि या किडीच्या गंधद्रव्याचं नेमकं नाव 'गॉसीप्लूर'. फरदडीसाठी, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कापसासाठी, एकच ठरलेला शब्द नाही. 'रटून', 'एक्स्टेंडेड क्रॉप', 'क्रॉप टर्मिनेशन' असे तीनही करून पाहा. ज्या संकल्पनेला अनेक नावं आहेत तिथे ती 'ऑर' या शब्दाने जोडा, आणि दोन वेगळ्या संकल्पना 'अँड'ने. फेरोमोन ऑर गॉसीप्लूर, हा एक कंस. त्याला अँड, पुढे किडीचं नाव. बहुतेक भांडारं ही रीत समजतात.

सर्वांत भरवशाचा शब्द म्हणजे शास्त्रीय नाव, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. ते सगळ्या भाषांत सारखं असतं, त्यामुळे चिनी किंवा इजिप्शियन संशोधकाचा लेखही त्यावर सापडतो. मात्र शास्त्रीय नावंही बदलतात. या किडीचं पहिलं वर्णन सॉन्डर्स यांनी १८४० च्या दशकात भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून केलं, आणि तेव्हा तिचं नाव डिप्रेसारिया गॉसिपिएला असं होतं. पुढे ती जिलेकिया झाली, मग प्लॅटिएड्रा, आणि शेवटी पेक्टिनोफोरा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातलं भारतीय काम हवं असेल तर प्लॅटिएड्रा टाकल्याशिवाय ते दिसणार नाही. जुनं म्हणून ते टाकाऊ समजू नका. बीटी, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेला कापूस, नव्हता, कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशकं नव्हती, तेव्हा पऱ्हाट्या वेळेत उपटणं, सरकी उन्हात तापवणं, हंगाम लवकर संपवणं यांवरच सगळा भर होता. आज आपण फिरून त्याच उपायांकडे येतो आहोत, आणि त्यांच्या परिणामांच्या नोंदी तिथे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं 'अ‍ॅग्रोव्हॉक' हे पारिभाषिक भांडार अशा पर्यायी शब्दांसाठी खुलं आहे. त्याच संघटनेच्या 'अ‍ॅग्रिस' या सूचीत ते शब्द थेट वापरता येतात.

नियतकालिकांतल्या लेखांकडे येऊ. इथे माझी पद्धत एकच आहे : एक भक्कम लेख गाठायचा आणि तिथून मागे आणि पुढे चालत जायचं. मागे म्हणजे त्या लेखाने कोणाचे संदर्भ दिले ते पाहायचं. पुढे म्हणजे त्या लेखाचा संदर्भ नंतर कोणी दिला ते पाहायचं. बोंडअळीच्या प्रतिकारशक्तीसाठी असे दोन टप्पे सांगतो. २०११ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी गुजरातमधल्या अमरेलीच्या अळ्यांमध्ये क्राय-१-एसी या बीटी कापसातल्या विषारी प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचं 'पेस्ट मॅनेजमेंट सायन्स'मध्ये मांडलं. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात सीआयसीआरच्या शास्त्रज्ञांनी २०१० ते २०१७ या काळातल्या पाहण्यांवरून क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी या दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचं दाखवलं. म्हणजे ही दोन्ही प्रथिनं असलेलं बोलगार्ड-२ हे बीटी बियाणं सुद्धा या अळीपुढे निष्प्रभ होत गेलं. २०१८ चा लेख गुगल स्कॉलरमध्ये काढा, 'साइटेड बाय' वर टिचकी द्या, आणि त्या यादीत पुन्हा 'मेटिंग डिसरप्शन' (गंधद्रव्य वापरून पतंगांचं मीलन रोखणं) शोधा. नंतरचं उपयोगाचं काम तुमच्यासमोर येऊ लागेल. हेच काम 'ओपनअ‍ॅलेक्स' या संशोधनलेखांच्या सूचीमध्येही होतं. ते २०२२ पासून पूर्ण खुलं आहे आणि तिथे देश, संस्था, वर्ष यांनी गाळता येतं. गुगल स्कॉलर सोयीचं आहे, पण त्यात काय घेतलं आहे आणि काय नाही याची यादी कुणालाही मिळत नाही. म्हणून केवळ त्याच्यावर अवलंबून 'यावर संशोधनच झालेलं नाही' असं कधी लिहू नका.

परदेशातलं काम वाचताना सावध राहा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये आपल्या कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या ब्रूस तबाश्निक आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं गणित सविस्तर मांडलं आहे : बीटी कापूस आणि जोडीला वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर मोकळे सोडणं. हे वाचून हुरूप येतो, यायलाही हवा. पण तिथे सरकार, शेतकरी आणि संशोधक मिळून संपूर्ण प्रदेशभर एकच कार्यक्रम राबवत होते. आपल्याकडे लांब मुदतीचं संकरित वाण, शेजारच्या शेतात जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी फरदड आणि गावागावात वेगळी लागवडीची तारीख. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि पत्रकात तो लिहायचा तर ही अट त्याच वाक्यात लिहा.

आता विश्वासार्हतेचा प्रश्न. लोकांना वाटतं की समीक्षा झालेल्या नियतकालिकातला लेख म्हणजे झालं. बीटी कापसाचंच घ्या. २०१२ मध्ये काथागे आणि मतीन कैम यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लिहिलं की भारतात बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढला. मार्च २०२० मध्ये सीआयसीआरचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 'नेचर प्लांट्स'मध्ये लिहिलं की उत्पादनवाढीचा बीटीशी संबंध कमकुवत आहे, आणि सुरुवातीला कीटकनाशकांचा वापर घटला असला तरी आता शेतकरी बीटीच्या आधीपेक्षाही जास्त खर्च फवारणीवर करतो आहे. दोन्ही नामांकित नियतकालिकं, दोन्ही समीक्षा झालेले लेख. मग खरं कोणाचं?

तारखा बघा. पहिल्या लेखाची घरोघरची पाहणी २००२ ते २००८ मधली आहे. बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये, बोंडअळीची प्रतिकारशक्ती उघड झाली त्यानंतर. दुसऱ्या लेखाने जवळपास दोन दशकांची जिल्हा आणि राज्य पातळीवरची आकडेवारी घेतली. एकाने घराघरातली तुलना केली, दुसऱ्याने दीर्घ काळाचा कल पाहिला. पहिल्याला नंतरची वर्षं दिसणं शक्य नव्हतं, दुसऱ्याला एकेका शेतकऱ्याच्या शेतातला फरक दिसत नाही. म्हणून कोणताही लेख हातात आला की छापल्याचं वर्ष बाजूला ठेवा आणि माहिती गोळा केल्याचं वर्ष शोधा. मग ती कुठे आणि कोणाच्या शेतात गोळा केली ते पाहा. मग शेवटच्या पानावर पैसे कोणी दिले आणि हितसंबंधांची घोषणा काय आहे ते वाचा. बियाणं वा औषध कंपनीच्या पैशाने केलेलं काम आपोआप खोटं होत नाही, पण तेच निष्कर्ष स्वतंत्र संस्थेच्या चाचणीत आले आहेत का, हे तपासल्याशिवाय ते शेतकऱ्यापुढे ठेवू नये.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट शेतीविषयात फार आहे. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि पुण्यातल्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण इतर कुठल्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्यानंतर 'यूजीसी-केअर' यादी आली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. म्हणजे आज 'यादीत आहे' असं म्हणून सुटका नाही, स्वतःच पाहावं लागतं. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या संस्थेत आहेत का, त्यांच्या स्वतःच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का? लेख आल्यापासून स्वीकारेपर्यंत किती दिवस गेले? आठवडाभरात कीटकशास्त्र, सांख्यिकी आणि अर्थशास्त्र या तिन्हींच्या लेखांची समीक्षा करणारं नियतकालिक मी बाजूला ठेवतो. प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन हा त्याचा ओळखक्रमांक चोरून उभ्या केलेल्या बनावट साइटही असतात, म्हणून साइटचा पत्ता शोधयंत्रातून न घेता प्रकाशकाच्या किंवा संस्थेच्या अधिकृत पानावरून घ्या. खुल्या नियतकालिकांसाठी 'डीओएजे' ही निर्देशिका तपासणीचा चांगला पहिला टप्पा आहे.

लेख मागे घेतला गेला आहे का, हेही पाहायला हवं. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ पासून क्रॉसरेफ या लेखांच्या नोंदणी संस्थेने खुली केली आहे. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून पाहायला मिनिटभर लागतं. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असेल तर त्यावर मागे घेतल्याचा शिक्का बहुधा नसतो.

एआय चॅटबॉटला संदर्भ विचारण्याची सवय आता सगळ्यांना लागली आहे. विषय समजून घ्यायला, पर्यायी शब्द सुचवायला तो उपयोगी पडतो, मी नाही म्हणत नाही. पण तो देतो ते लेखांचं शीर्षक, लेखक, वर्ष, पान क्रमांक हुबेहूब खऱ्यासारखे दिसूनही अस्तित्वातच नसू शकतात. प्रत्येक शीर्षक क्रॉसरेफच्या शोधात टाका. तिथे नाही म्हणजे लगेच खोटं ठरवू नका, कारण जुन्या भारतीय नियतकालिकांना डीओआय नसतो. अशा वेळी त्या खंडाची अनुक्रमणिका काढून बघा. तिथेही नसेल तर तो संदर्भ सोडून द्या. मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पत्रकात घ्यायचा नाही, एवढा नियम पाळलात तरी पुरे.

लेख सापडला पण पैसे मागतो आहे, ही अडचण नेहमी येईल. आधी 'अनपेवॉल' हे विस्तारक ब्राउझरमध्ये बसवा. लेखाची कायदेशीर खुली प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतःची नियतकालिकं तिच्या पोर्टलवर तशीही मोफत वाचता येतात. तिथे नसेल तर जवळच्या सरकारी कृषी महाविद्यालयात जा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना प्रवेश. राज्य सरकारच्या विद्यापीठांचाही त्यात समावेश आहे. शेतकरी कंपनीला थेट प्रवेश नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. ज्यांच्या शेतावर हे संशोधन उतरायचं आहे तेच त्याच्या बाहेर राहतात. पण ग्रंथालयात बसून वाचायला मिळतं का हे ग्रंथपालांना जरूर विचारा. आणि लेखकाला ईमेल करा. दोन ओळी पुरतात : मी कोण, कशासाठी हवं आहे, प्रत पाठवाल का. आपल्याकडचे शास्त्रज्ञ अशा पत्रांना उत्तर देतात, आणि बरेचदा सोबत न छापलेली एखादी नोंदही पाठवतात.

आता तुमच्या पत्रकातला सर्वांत नाजूक भाग, औषधं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या जिल्ह्यात तुम्ही काम करता, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं : संशोधनलेखात एखाद्या रसायनाने चांगला परिणाम दिला म्हणून ते पत्रकात लिहू नका. प्रयोगासाठी वापरणं वेगळं आणि कापसावर वापरायची परवानगी असणं वेगळं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती कोणतं औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबून वापरायचं हे ठरवते. त्यालाच आपण लेबल क्लेम म्हणतो. त्याच्या याद्या केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या साइटवर पीडीएफ रूपात आहेत. गुगलवर औषधाचं नाव टाकलं की विक्रेत्यांची पानं आधी येतात आणि ही यादी कुठेतरी खाली राहते, म्हणून थेट त्या साइटवर जा आणि यादीवरची तारीख पाहा. यादी सुधारत असते; बंदी आलेली औषधं जुन्या पीडीएफमध्ये तशीच दिसतात.

संशोधन आणि शिफारस यांच्या मधला दुवा बऱ्याच जणांना माहीत नसतो. महाराष्ट्रातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोमध्ये, मांडल्या जातात आणि तिथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ त्यांची उलटतपासणी करतात. आकडे पुरेसे नसतील तर शिफारस परत पाठवली जाते, आणखी हंगाम प्रयोग करायला सांगितलं जातं. इथून मंजूर झालेलं वाक्य तुम्ही शेतकऱ्याला निर्धास्तपणे सांगू शकता. त्याची कार्यवृत्तं आणि शिफारशींच्या पुस्तिका विद्यापीठांच्या साइटवर संशोधन संचालनालयाच्या विभागात शोधा. विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीतही त्या येतात. सापडली नाहीत तर संचालनालयाला पत्र लिहा किंवा तुमच्या कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्रज्ञांना विचारा, त्यांच्याकडे प्रत असते.

पत्रकाला पार्श्वभूमी म्हणून आकडेवारी हवी असेल तर संसदेच्या प्रश्नोत्तरांचा शोध वापरा. 'पिंक बोलवर्म' टाकलं की कृषी मंत्रालयाने लेखी दिलेली उत्तरं निघतात, काही वेळा राज्यवार तक्ते जोडलेले असतात. बातमीपेक्षा हा आधार पक्का, कारण ते उत्तर मंत्र्याने सभागृहाला दिलेलं असतं. मात्र तिथेही आकडा कोणत्या हंगामाचा आहे ते बघा.

शोधताना एक वही किंवा साधी एक्सेलची फाइल ठेवा : कोणत्या भांडारात, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकले, काय मिळालं, काय मिळालं नाही. 'मिळालं नाही' हा रकाना आळसाने सोडू नका. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्याला तिथूनच सुरुवात करता येईल. छापताना प्रत्येक सल्ल्याखाली बारीक अक्षरात त्याचा आधार द्या : कोणतं विद्यापीठ किंवा संस्था, कोणता अहवाल, कोणत्या वर्षाचा. लेबल क्लेमची यादी आणि अ‍ॅग्रेस्कोच्या नव्या शिफारशी मात्र पेरणीच्या तोंडावर, छापखान्यात मजकूर पाठवायच्या आदल्या आठवड्यात, पुन्हा एकदा उघडून बघा.